पाणचक्कीचे दार

भागीबाई जिना चढून वर आली, दारात चपला काढल्या आणि एक शब्द न बोलता पुन्हा खाली गेली.

गोटीराम पगारेने खिडकीतून वाकून पाहिलं. बाई अंगणातल्या नळापाशी गेली, तोटी पिळली, वर आली. उंबऱ्यात थबकली. परत खाली गेली.

"बाई, हे गिऱ्हाईक वर बसणार आहे की नळावरच?" गोटीरामने विचारलं.

"आता येईल ती बसेल," सिंधुबाई म्हणाली. "पाणी पिऊन तोटी बंद केली की नाही, याची खात्री करतेय. खरं तर तोटी पहिल्याच वेळी नीट बंद झाली होती."

सिंधुबाई गांगुर्डे बावीस वर्षं सरकारी दप्तरखान्यात नकलनवीस होती. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या भांडणांच्या नकला केल्यावर तिच्या लक्षात आलं की, भांडणाऱ्यांपेक्षा आपल्यालाच भांडण जास्त कळतं. निवृत्त झाल्यावर तिने नाशिकमध्ये रविवार कारंज्याजवळच्या या खोलीवर 'खासगी चौकशी' अशी पाटी लावली. गोटीराम एसटीचा निवृत्त कंडक्टर. तो मदतीला आला. माणसं भरली की घंटी मारायची, एवढा एकच घाईचा स्वभाव त्याच्यात उरला होता. बाकी सगळं निवांत.

भागीबाई बसली. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसची असेल. मखमलाबादला तिचा झेंडूचा वाफा होता आणि रोज सकाळी ती गंगेवर, नदीच्या घाटावर, फुलं विकायला बसायची. बोटांना केशरी रंग कायमचा लागलेला.

"माझं काम आजच्या आज व्हायला पाहिजे," ती म्हणाली. "उद्या रविवारी दगड बसणार."

"कसला दगड?"

"आमच्या गावात, करंजओहळला. दिंडोरीच्या पुढं. तिथं पाणचक्की व्हती, ओहळाच्या पाण्यावर चालायची. मालकीची पाटलाची, पण चालवायचा माझा बाप. फकिरा चक्कीवाला. चव्वेचाळीस साली पुरात गेली ती. आता पंचायत तिथं तिचा इतिहास कोरून ठेवतीय. चक्कीच्याच तळीवर, खालच्या दगडावर. त्यात असं हाय..." भागीबाईने ब्लाऊजमधून घडीचा कागद काढला. वाचला नाही, नुसता पुढे केला. तिला तो पाठ होता.

सिंधुबाईने वाचला. 'येथे गावाची पाणचक्की होती. सन १९४४ च्या पुरात फकिरा चक्कीवाला याच्या नशेतील हलगर्जीपणामुळे ती नष्ट झाली व त्याची पत्नी साळूबाई मृत्यू पावली.'

"साळूबाई म्हणजे तुमची आई."

"व्हय. मी बारा वर्षांची. कळवणला मामाकडं गेलेली. म्हणून वाचले." ती थांबली. "लोक म्हणतात, अण्णा चक्की चालू ठेवून गावात दारू प्यायला गेला. पाटाचं दार उघडंच. दिवेलागणीला पूर आला तो सरळ पाटातून चक्कीत. भिंत आईवर पडली."

"आणि वडील काय म्हणायचे?"

"तो दारू प्यायचाच नाय. म्हणायचा, उद्यापासून दळणं आणा म्हणून घरोघरी सांगायला गेल्तो. बारा वर्षं नाशकात हमाली केली त्यानं. रात्री तीनदा उठायचा, नळ बंद हाय का बघायला. मी इचारायची, अण्णा, दार लावलं व्हतं ना? म्हणायचा, लावलं व्हतं. मग जरा वेळानं मलाच इचारायचा, लावलं व्हतं का गं?"

खाली रस्त्यावर टांग्याची घंटा वाजली.

"नसंल लावलं, तर कोरू द्या," भागीबाई म्हणाली. "मी बघून घेईन. पण लावलं असंल तर? पाथरवट कालपासून कोरतोय. संध्याकाळपर्यंत संपंल. दगडावरचं पुसता येत नाय, बाई."

सिंधुबाईने चष्म्याची पेटी पिशवीत टाकली. "दिंडोरीची गाडी?"

"दहा वाजता," गोटीराम म्हणाला. "पण सव्वादहाला सुटते."

*

चक्की दिसायच्या आधी ऐकू आली. टक. टक. टक. प्रत्येक घावाला भागीबाईची मान एवढीशी हलत होती.

ओहळाच्या काठी दोन पडक्या भिंती उरल्या होत्या. वरच्या अंगाला जुना दगडी बंधारा. तिथून निघालेला पाट घाणेरीने भरून गेलेला. त्या पाटाच्या तोंडाला पूर्वी लाकडी फळीचं दार होतं. फळी वर काढली की पाणी चक्कीला, खाली सोडली की ओहळाला. दगडातल्या खाचा अजून दिसत होत्या. चक्कीच्या भिंतींमागे थोड्या उंचीवर एक जुना गोठा होता.

मोकळ्या जागेत चक्कीची खालची तळी कडेवर उभी केली होती. बैलगाडीच्या चाकाएवढी. धोंडीराम पाथरवट तिच्या सपाट पाठीवर अक्षरं कोरत होता. पहिली ओळ झाली होती: 'येथे गावाची पाणचक्की होती.' दुसरी 'सन १९४४'पर्यंत आली होती.

"अक्षर झकास आहे हो," म्हणत गोटीराम टेकायला तळीच्या मागच्या बाजूला हात लावून उभा राहिला आणि ओरडलाच. तळव्याचं साल निघालं होतं.

"पाहुणे, मागून नका धरू," धोंडीराम हसला. "दात हायेत म्हातारीला. आम्ही गाळातून काढली तव्हा माझी बी बोटं सोलली."

"पस्तीस वर्षं झाली, अजून चावते," गोटीराम तळहात फुंकत म्हणाला. "आमच्या सासूबाईंसारखी."

सिंधुबाईने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ती मागे गेली, डोळे मिटून दोन बोटं दगडावरून फिरवली आणि बोटांकडे पाहिलं. मग एवढंच विचारलं, "धोंडीराम, फकिराचं नाव कधी येईल?"

"तीन-चारच्या सुमाराला."

भागीबाई ओहळाकडे तोंड करून उभी राहिली.

*

दगडावरचा मजकूर लिहिणारे भिकन गुरुजी निवृत्त शिक्षक. गावाचा इतिहास लिहिण्याचं वेड. मळकट वही छातीशी धरून आले, तेव्हा ते रागावलेले नव्हते, घाबरलेले होते.

"मी काही मनाचं लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "तेव्हाच्या पंचनाम्याची नक्कल काढली मी. शब्द न् शब्द त्यातला."

"वाचा ना," सिंधुबाई म्हणाली. नक्कल म्हटल्यावर तिचा चेहरा माहेरचं माणूस भेटल्यासारखा झाला.

गुरुजींनी वाचलं. चक्कीचे लाकडी चाक पुराच्या पहिल्या लोंढ्यात मोडून ओहळात गेलेले. पाटाच्या दाराची फळी वर काढून बांधाला टेकवलेली. ओहळापलीकडील पाटलांच्या द्राक्षबागेस नुकसान नाही, जमीन ओली. चक्कीमागील उंचावरील गोठ्यात गव्हाणीत सुमारे चार पायली ज्वारीचे ताजे पीठ ओतलेले आढळले. 'यावरून सदर इसम नशेत होता असे पंचांचे मत झाले.'

"टंचाईचं साल," गुरुजी म्हणाले. "माणसांना भाकर नाही आणि हा चार पायली पीठ बैलांपुढे ओततो! शुद्धीवरचा माणूस करेल का?"

"पंच किती होते?"

"पाच."

"बाई कुणी?"

"पंचांत बाई?" गुरुजींना प्रश्नच कळला नाही. "नाही, पाचही कर्ते पुरुष."

"हं," सिंधुबाई म्हणाली. "आणि फकिरा? त्याने काय सांगितलं?"

गुरुजींनी पान उलटलं. "'सदर इसम पत्नीचे प्रेताजवळ बसून होता, विचारणा करता उत्तर दिले नाही.'"

भागीबाई उठून पाटाकडे चालू लागली. गोटीराम तिच्या मागे गेला. त्याने खिशातल्या गोळ्या पुढे केल्या. तिने एक घेतली. खाल्ली नाही.

*

सरपंच मल्हारी पाटील ओहळापलीकडच्या बागेत भेटले. फेब्रुवारीचे दिवस, घड उतरत होते. त्यांनी पाहुण्यांपुढे द्राक्षांची परडी ठेवली.

"तालुक्यातला जुना बाग. वडलांनी त्रेचाळीस साली लावला," ते अभिमानाने म्हणाले. "घ्या, बाई."

सिंधुबाईने घेतली नाहीत. "पंचनाम्यात तुमची साक्ष आहे."

"आहे ना. मी तेवीस वर्षांचा. त्या दिवशी चक्कीवरून दोनदा गेलो. दळण एक नाही आणि चक्की दुपारपासून नुसती रिकामी घरघरतेय! दगडावर दगड. ठिणग्या उडत होत्या, बाई, ठिणग्या! दिवेलागणीपर्यंत तशीच. फकिरा गुत्त्यावर." मल्हारींनी मान हलवली. "भागे, तुला वाईट वाटतं ते कळतं मला. पण इतिहास तो इतिहास. तुझ्या आईचं नाव तरी राहील."

"तुम्ही स्वतः पाहिलंत?" सिंधुबाईने विचारलं.

"या डोळ्यांनी."

परतताना गोटीराम हळूच म्हणाला, "बाई, अवघड दिसतंय. एवढं स्पष्ट सांगतो माणूस."

"फारच स्पष्ट. तिकीट न काढलेला माणूस कुठे चढला ते कसं सविस्तर सांगतो?"

गोटीरामला हे पटलं, पण उपयोग कळला नाही.

*

शेवटी गुरुजी त्यांना लहानूकडे घेऊन गेले. त्या काळचा पाटकरी; कुणाच्या शेताला पाणी कधी सोडायचं ते बघणारा. बंधाऱ्याचं आणि पाटाच्या दाराचं कामही त्याच्याकडे. आता सत्तरीचा. घरासमोर बसून दोरी वळत होता. भागीबाईला पाहिलं आणि त्याचा पीळ उलटा पडला.

"मी नव्हतो त्या दिवशी," विचारायच्या आधीच तो म्हणाला. "घोटीला गेल्तो. सासरवाडीला, भात लावायला. दुसऱ्या दिशी दुपारी आलो, पंचनामा झाल्यावर."

"बरं. दाराची फळी एकट्याला निघायची का?"

"कोरड्यात निघायची. पुरात नाय. पाणी दाबून धरतं तिला. दोघं पाह्यजेत."

"लहानूकाका," भागीबाई एकदम म्हणाली. आवाज फाटला होता. "अण्णानं दार लावलं व्हतं का?"

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "काय सांगू, पोरी. लय पाणी व्हतं. तसला पूर पुन्हा नाय पाह्यला. बागेतल्या खांबांना गुडघा-गुडघा पाणी लागलेलं. नवी कोवळी वेल, नुसती तरंगत व्हती."

सिंधुबाई उठली. "चला. चार वाजले. लहानूकाका, तुम्हीपण चला. गुरुजी, सरपंचांनाही बोलवा."

दुरून टक टक चालूच होतं. भागीबाई पळायलाच लागली.

*

"थांबा," सिंधुबाई धापा टाकत म्हणाली.

धोंडीरामने हातोडी खाली ठेवली. "थांबतो. पण फकिरा झालाय कोरून."

दगडावर ओल्या चिखलाच्या रंगाची नवी अक्षरं होती: 'सन १९४४ च्या पुरात फकिरा'. पुढे मोकळी जागा. भागीबाईने ते वाचलं आणि पदर तोंडात घातला.

आजूबाजूची दहा-बारा माणसं जमली. मल्हारी आले, काठी टेकून उभे राहिले. लहानू सगळ्यांच्या मागे.

"भागीबाई," सिंधुबाई म्हणाली, "तुमच्या घरी जातं होतं?"

"अजून हाय."

"टाकीवाली येऊन छिन्नीने नवे दात पाडून जातं टाकवून गेली, की पहिलं दळण कोण खातं?"

भागीबाईने पदर काढला. "कुणी नाय. कचकच लागती. दगडाची बारीक कच येती त्यात. ते गुरांपुढं टाक..." ती थांबली. मग गोठ्याच्या दिशेने पाहिलं.

"टाकायचं. हे गावातल्या कुठल्याही बाईला ठाऊक आहे. पण पंच पाच होते आणि पाचातला एकही कधी जात्यावर बसला नव्हता. गव्हाणीत चार पायली पीठ दिसलं, त्यांनी दारू लिहिली. एका बाईला विचारलं असतं, तर तिने सांगितलं असतं: चक्की आजच टाकवलीय. एवढ्या मोठ्या तळीला पहिलं दळण चार पायली लागणारच. टंचाईच्या वर्षातसुद्धा लोकांच्या पिठात खडा जाऊ नये म्हणून ज्याने ते बाजूला काढलं, तो नशेत नव्हता. तो फार जपून काम करणारा माणूस होता."

गुरुजींनी वही उघडली, पुन्हा मिटली.

"म्हणूनच तो घरोघरी सांगत गेला, की उद्यापासून दळणं आणा. आज चक्की बंद. आणि चक्की बंद ठेवायची तर पाटाचं दार लावावंच लागतं."

"वा!" मल्हारी म्हणाले. "सकाळी टाकवली असेल. दुपारी परत चालू केली. मी पाहिलीय."

"दुपारपासून दिवेलागणीपर्यंत. रिकामी. दगडावर दगड, ठिणग्या." सिंधुबाईने गोटीरामचा हात धरून वर केला. तळव्यावर रक्त सुकलं होतं. "मग हे कसं? जातं रिकामं फिरलं की पहिले दात जातात. तासाभरात दगड गुळगुळीत. चार-पाच तास तशी फिरलेली तळी पस्तीस वर्षांनी माणसाला सोलत नाही. टाकवल्यावर हिने चार पायली ज्वारी दळली, आणि त्यानंतर ही फिरलेलीच नाही."

"पण बाई, पूर आला तेव्हा फिरली असेल की," गोटीराम म्हणाला. त्याला स्वतःच्या शंकेचं कौतुक वाटलं.

"कशावर? चाक पहिल्याच लोंढ्यात मोडून गेलं. पंचनामाच सांगतो."

लोक तळीमागे जाऊन बोटं फिरवू लागले. एक म्हातारी पुटपुटली, "टाकी ताजीच हाय की."

"म्हणजे फकिरा गेला तेव्हा दार बंद होतं," सिंधुबाई सावकाश म्हणाली. हे वाक्य तिने लोकांना नाही, भागीबाईला सांगितलं. "बंद होतं. आणि पुरानंतर फळी बांधाला नीट टेकवलेली सापडली. पूर फळी फोडतो, वाहून नेतो. टेकवून ठेवत नाही. ती माणसांनी काढली. दोघांनी. कशासाठी? दार बंद असताना पूर ओहळाने पलीकडे चढत होता. नव्या बागेत."

"माझ्या बागेला काही झालं नाही!" मल्हारी ओरडले. "पंचनाम्यात आहे!"

"तेच तर. सकाळी पंचांनी पाहिलं तेव्हा बागेत पाणी नव्हतं, नुसती ओल. आणि लहानूकाका तर दुपारी घोटीहून आले." ती मागे वळली. "काका, मग खांबांना गुडघाभर पाणी कधी पाहिलंत? ते पाणी फक्त दार उघडायच्या आधी होतं."

लहानूच्या हातातली अर्धी वळलेली दोरी सुटत गेली. त्याने ती सोबत आणली होती, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

"फकिरा गावात शिरताना दिसला," तो म्हणाला. "आम्हाला वाटलं, साळू बी संगं गेली असंल. चक्कीत कुणी नाय, असंच वाटलं. हे मल्हारीमालक म्हणाले, चक्कीचं काय, पुन्हा बांधता यील, बाग जाईल... फळी काढली तर पाणी एकदम धावलं. आणि मंग आतून हाक आली." त्याने सुटलेली दोरी मुठीत गोळा केली. "फळी परत बसंना, पोरी. दोघांनी लय जोर लावला. बसंनाच."

मल्हारी काठीवर भार देऊन उभे होते, ते हळूहळू जमिनीवर बसले.

"मी पस्तीस वर्षं त्या बागेतलं द्राक्ष तोंडात घातलं नाही," ते शेवटी म्हणाले.

"माझ्या बापाला पस्तीस वर्षं कुठली," भागीबाई म्हणाली. "त्याला बाराच मिळाली. तेवढ्यात एक रात्र झोपला नाय तो."

गुरुजींनी खाकरून घसा साफ केला. "नाव तर कोरलं गेलंय. नवीन दगड मागवू?"

"नको." भागीबाई तळीपाशी गेली. केशरी बोट तिने बापाच्या नावावर ठेवलं, मग नावापुढच्या कोऱ्या जागेवर. "हितनंच पुढं लिहा."

"आणि माझं नाव?" मल्हारींनी खालूनच विचारलं. "घालणार?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. "माझ्या आईच्या शेजारी? नाय."

गुरुजींनी कागद पालथा केला आणि गुडघ्यावर ठेवून लिहिलं. दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा भागीबाईने मान हलवली. धोंडीरामने छिन्नीला धार लावली. टक. टक. आता तिची मान हलत नव्हती. उजेड जाईपर्यंत ती तिथेच बसून राहिली. एकेक अक्षर झालं की हाताने दगडाचा भुगा झाडायची.

'सन १९४४ च्या पुरात फकिरा याने पाटाचे दार बंद केले होते. ते दुसऱ्यांनी उघडले. साळूबाई येथे गेली.'

*

सोमवारी फुलं विकून भागीबाई खोलीवर आली. झेंडूची परडी टेबलावर ठेवली, काल दगड बसवताना कोण कोण आलं होतं ते सांगायला बसली. बाग कुलूपबंद होती. लहानू येऊन दगडापाशी बसला होता. तो रडला. तिला रडू आलं नाही. का ते कळत नाही, म्हणाली.

निघताना ती खाली अंगणातल्या नळावर पाणी प्यायली. तोटी बंद केली. पिशवी उचलून चालू लागली.

गोटीराम आणि सिंधुबाई खिडकीत उभे होते.

कोपऱ्यावर ती थांबली.

"परत येणार," गोटीराम म्हणाला. "आली बघा."

भागीबाईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि गंगेकडे वळली.